‘यावेळी मी बघतो’ म्हणजे नेमकं काय?

(पत्र चांगलं सहा पानी होतं. नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं गाळून गोषवारा देते आहे.)

मी ४४ वर्षांची. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. आठ वर्षांपूर्वी मुलाला कराटेच्या क्लासला सोडायला जायचे आणि तास संपेपर्यंत बाकावर बसून राहायचे. एक दिवस सर म्हणाले, "ताई, बसून काय करता? मागच्या रांगेत उभ्या राहा." तेव्हापासून उभी आहे. मुलगा पंधराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट झाला, दहावी आली आणि त्याने क्लास सोडला तो सोडलाच. आता तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मी टिकले. ब्राऊन बेल्ट होऊन तीन वर्षं झाली. गेल्या खेपेला ब्लॅक बेल्टची, म्हणजे शोदानची, टेस्ट दिली आणि नापास झाले. बासाई-दाई हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना पहिल्या किआईनंतर, म्हणजे त्या मोठ्या आरोळीनंतर, डोकं कोरं झालं. पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं, पुन्हा तिथेच अडले. कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीत, एवढा दम लागला की समोरच्या मुलीनेच थांबून "काकू, ठीक आहे ना?" विचारलं. आम्ही सहा जण होतो. बाकीचे पाच पास झाले, सगळे सोळा-सतरा वर्षांचे. त्यांच्या आया म्हणाल्या, "पुढच्या वेळी होईल हो." आता पुढच्या महिन्यात पुन्हा टेस्ट आहे. सर म्हणाले, "काळजी करू नका ताई, यावेळी मी बघतो." हे ऐकल्यापासून मला झोप नाही. पास झाले तर ते शोदान नव्हे, नुसतं दान. नापास झाले तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. नवरा म्हणतो, "या वयात कुणाला मारायचंय?" मुलाचा मेसेज येतो, "आई, सोड ना आता." उजवा गुडघाही अधूनमधून सुजतो. टेस्ट द्यावी, की गुडघ्याचं निमित्त करून मानाने बाजूला व्हावं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी एक उद्योग केला. सरांचं ते वाक्य निरनिराळ्या सुरांत मोठ्याने म्हणून पाहिलं. "यावेळी मी बघतो." नळ दुरुस्त करणारा असं म्हणतो तेव्हा तो आठवडाभर फिरकत नाही. कचेरीतला साहेब म्हणतो तेव्हा आपली फाईल ढिगाच्या तळाशी जाते. लग्नघरात मामा म्हणाला की जेवणावळीची चिंता मिटते. आणि एखादा मास्तर म्हणतो तेव्हा त्याला कधी कधी एवढंच म्हणायचं असतं, की मागच्या खेपेला हिला गर्दीत सोडलं, यावेळी हिची तयारी मी स्वतः करून घेतो. आपल्या भाषेत ‘बघतो’ या शब्दाच्या पोटात एवढं सगळं मावतं. तुम्ही त्यातला सगळ्यात काळा अर्थ उचललात आणि त्यावर झोप घालवलीत. तो अर्थ खरा निघणारच नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सरांना विचारलेलं नाही. सहा पानांत ते कुठेच नाही.

तर पहिलं काम ते. क्लास सुटल्यावर, मुलं चपला शोधत असतात त्या गडबडीत नको. दहा मिनिटं मागून घ्या आणि सरळ विचारा: "सर, तुम्ही बघतो म्हणालात, म्हणजे तयारी बघणार की निकाल बघणार?" हसत विचारलंत तरी चालेल, पण विचारा हेच. मग आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. मागच्या वेळी मी कशाकशात कमी पडले, ते नेमकं सांगाल का? आणि माझ्या वयाच्या उमेदवाराकडून संस्था काय अपेक्षा ठेवते, ते कुठे लिहिलेलं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण तुमच्या पत्रात सवलत आणि वशिला यांची सरमिसळ झाली आहे. ४४ वर्षांच्या बाईची मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारलेली लाथ, समोरच्याच्या कानापर्यंत पोहोचली नाही आणि परीक्षकाने ती बरगडीच्या उंचीवर मान्य केली, तर ती सवलत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाथ कुठपर्यंत गेली याहून जाणता परीक्षक दुसरंच बघत असतो: कंबर फिरली का, टेकलेला पाय हलला का, लाथ मारून पाय परत जागेवर आणलात की नुसता खाली टाकलात, आणि तंत्र संपल्यावर नजर समोरच्यावर राहिली की परीक्षकाच्या टेबलाकडे वळली. त्या शेवटच्याला जपानीत झानशिन म्हणतात आणि ते सोळाव्या वर्षी असतंच असं नाही. वशिला निराळा. निकाल आधी ठरतो आणि तुम्ही फक्त घाम गाळायला जाता, तो वशिला. सर सरळ म्हणालेच, की परीक्षक ओळखीचे आहेत, बोलणं झालंय, तर तुमचं उत्तरही सरळ असू द्या: "मग सर, यावेळी माझं नाव देऊ नका. बोलणं न झालेले परीक्षक येतील तेव्हा देईन." आणि त्या ‘बघण्या’साठी नेहमीच्या परीक्षा-फीवर काही जास्तीचे पैसे मागितले, तर पाकीट उघडू नका. प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, शोदानची नोंद कुठे होते, फीची पावती मिळते का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्रत्येक पालकाला आहे. विचारल्यावर ज्या सरांचा चेहरा उतरत नाही, ते सर बहुधा बरे असतात.

ते ‘नुसतं दान’ वाचून मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. कोटी उत्तम आहे. पण जपानी दान म्हणजे पायरी. शो म्हणजे पहिली, आरंभाची. शोदान म्हणजे पहिली पायरी, एवढंच. ‘पारंगत’ असा अर्थ त्यात कुठूनही निघत नाही. तो आपण सिनेमे बघून घातलेला आहे.

ही पायऱ्यांची कल्पना कराटेची नव्हेच मुळी, ज्यूदोची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिली दान पदवी दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. ओकिनावा बेटाहून आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९२४ साली आपल्या शिष्यांना पहिल्यांदा दान दिलं. पद्धत कानोंची उचलली. पिवळा, हिरवा, निळा ही रंगांची उतरंड तर त्याहून अलीकडची. ती युरोपात, पॅरिसला ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशी यांच्यामुळे १९३०च्या दशकात रुळली. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं मळून मळून काळा झाला ही गोष्ट तुमच्याही सरांनी सांगितली असेल. गोष्ट गोड आहे, इतिहासात तिला आधार नाही. शिवाय आपल्याकडे एवढा मळेपर्यंत कुठली आई पट्टा ठेवील?

हे सगळं सांगायचं कारण असं. कानो आणि फुनाकोशी, दोघेही पेशाने शिक्षक. कानो तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते, फुनाकोशी ओकिनावात प्राथमिक शाळेत शिकवायचे. पायरी ही शिक्षकाच्या डोक्यातून निघालेली सोय आहे: कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते कळावं म्हणून. फुनाकोशींनी स्वतः तरुणपणी तेक्कीच्या तीन कात्यांवर दहा वर्षं घालवली होती आणि त्या दहा वर्षांत त्यांच्या कमरेला कुठला रंग नव्हता. तुम्ही मागच्या खेपेला नापास झालात याचा अर्थ बासाई-दाई आणि दम या दोन विषयांत त्याच वर्गात बसलात. आठ वर्षांवर कोणी फुली मारली नाही. फुली तुम्ही मारलीत, घरी येऊन.

माझंही सांगते, कारण उपदेश करणाऱ्याने आपली बाजू झाकून ठेवू नये. मी ही टेस्ट ३९व्या वर्षी दिली. नगरपालिकेचं सभागृह, वर पत्रा, एप्रिल महिना. तीन परीक्षक, त्यांच्यासमोर टेबल, टेबलावर पिवळं कापड, त्यावर तीन कपबश्या आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं एक नंचाकू. माझं सगळं लक्ष त्या नंचाकूवर. किहोनमध्ये, म्हणजे मूळ तंत्रांच्या फेरीत, पाचव्यांदा लांबी मारून परत येताना पायजम्याची नाडी सैल झाल्याचं जाणवलं आणि पुढचा पाऊण तास मी पोट फुगवून कराटे केलं. श्वास कोंडून. तुमचा दम का गेला असेल याचा मला अंदाज आहे तो त्यामुळे. पास झाले. आणि पुढचे दोन महिने तो काळा बेल्ट प्लास्टिकच्या पिशवीतून काढला नाही, कारण मला खात्री होती की वयाकडे बघून दिलाय. त्यातून बाहेर कशी आले हे सांगण्यासारखं काही नाही. जुना ब्राऊन इतका विरला होता की गाठ राहीना, म्हणून एका सोमवारी नवा बांधला. नवा बेल्ट पुठ्ठ्यासारखा ताठ असतो, टोकं झुरळाच्या मिशांसारखी दोन्हीकडे उभी राहतात. पोरं हसली. मग सगळे रांगेत उभे राहिले आणि क्लास सुरू झाला.

आता तुमच्या कोऱ्या झालेल्या डोक्याकडे येते, कारण पत्रातला सगळ्यात सोडवण्यासारखा प्रश्न तो आहे आणि त्याला तुम्ही दोनच ओळी दिल्यात.

तुम्ही दोन्ही वेळा एकाच जागी अडलात. हे स्मरणशक्तीचं म्हातारपण असतं, तर अडायची जागा बदलली असती. बासाई-दाईत पहिल्या किआईपर्यंत काय होतं बघा: शुतो-उके, म्हणजे हाताच्या कडेने अडवणं, ओळीने येतात, मग पकड, लाथ आणि ती आरोळी. आरोळीने शरीराला वाटतं, झालं. सुटलो. आणि नेमकं तिथे पाठीमागे वळायचं असतं, परीक्षकांकडे पाठ करून. इतका वेळ समोर टेबल होतं, आता समोर दुसरीच भिंत. क्लासमध्ये त्या वळणावर तुम्हाला काय दिसतं? माझी पैज आहे, की शाळेच्या त्या हॉलमध्ये आठ वर्षं तुम्ही काता एकाच दिशेने करत आलात आणि वळल्यावर तुम्हाला दिसतो तो बाक, फळा, गांधीजींचा फोटो, जे काही असेल ते. पुढची हालचाल तुम्ही पायांत साठवली आहे असं तुम्हाला वाटतं. अर्धी त्या फोटोत साठवलेली असते. टेस्टच्या दिवशी टेबल दुसऱ्या बाजूला मांडलं की फोटो गेला आणि त्याच्याबरोबर काताही गेला.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. उद्यापासून बासाई-दाई पहिल्यापासून सुरू करायचा नाही. किआईपासून सुरू करायचा. ती लाथ, ती आरोळी (बिल्डिंगमध्ये राहत असाल तर तोंडातल्या तोंडात), वळण, आणि तिथून शेवटपर्यंत. दहा वेळा. मग गच्चीवर जाऊन टाकीकडे तोंड करून, मग जिन्याकडे तोंड करून, मग दिवेलागणीला अंधुक उजेडात. स्वयंपाकघरात जागा नसेल तर नुसते हात आणि पायांची दिशा. हालचालींना आपली नावं ठेवा. जपानी नावं परीक्षकांना सांगायला. अडल्या वेळी डोक्यात मातृभाषाच येते. मी त्या वळणाला म्हणायचे: "मागे. सुरी, सुरी. पाय जवळ, छप्पर. कात्री. ठोसा." शुतो म्हणजे हाताची सुरीच की. दोन्ही हात जोडीने वर जातात ते छप्पर, आणि त्यानंतर दोन्ही मुठी बाजूंनी आत येतात त्या हालचालीचं नाव जपानीतही कात्रीच आहे, हासामी. शेवटाकडचे ते तीन यामा-झुकी म्हणजे डोंगर, डोंगर, डोंगर. हे मोठ्याने म्हणत काता केलात तर शेजारीण चौकशीला येईल. येऊ द्या.

आणि मुलाला कामाला लावा. रात्री व्हिडिओ कॉल करून सांगा, मला मधूनच कुठूनही विचार, "सुरीनंतर काय?" त्याने पंधराव्या वर्षी हाच काता करून बेल्ट घेतला असणार. त्याचा "सोड ना आता" हा मेसेज तुम्ही लाज म्हणून वाचलात. मला तो सुजलेल्या गुडघ्याची काळजी वाटणाऱ्या पोराचा वाटला. दोन्हींपैकी खरं काय ते त्यालाच ठाऊक आहे. आई एवढी आठ वर्षं का टिकली आणि आपण का नाही, हा प्रश्नही त्याच्या मनात कुठेतरी असेल, पण तो त्याचा त्याला सोडवू दे.

या निमित्ताने पालकांसाठी दोन शब्द, कारण या सदरात आयांची पत्रं फार येतात. मूल ब्लॅक बेल्ट झालं आणि दुसऱ्या महिन्यात क्लास सुटला, हे घरोघरी होतं. पहिली पायरी आपण गच्ची समजतो आणि मुलालाही तसंच सांगतो, म्हणून होतं. तायक्वांदोत कोरियाचं कुक्कीवोन, म्हणजे त्यांची पदव्या देणारी मुख्य संस्था, १५ वर्षांखालच्या मुलांना दान देतच नाही. त्यांना पूम देतं, अर्धा लाल अर्धा काळा पट्टा. मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण काळा बेल्ट आणि फोटोला फेटा, हे बघितलं की मला त्या मुलापेक्षा फेटा बांधणाऱ्यांची काळजी वाटते. असो.

दमाचं. कुमिते तुमच्या पातळीला बहुधा जियू इप्पोन असणार: समोरचा आधी सांगतो की तोंडावर मारणार की पोटावर, मग मारतो. काय येणार ते माहीत, कधी येणार ते माहीत नाही. त्या ‘कधी’च्या वाट पाहण्यात माणूस श्वास धरून ठेवतो. मी नाडीमुळे धरला होता, तुम्ही भीतीने धरला असेल, फुप्फुसाला दोन्ही सारखंच. जोडीदाराला सांगा, हल्ला करण्याआधी मुद्दाम पाच, सात, दहा सेकंद थांब. त्या वेळात तुम्ही नाकाने हळू श्वास सोडत, घेत उभं राहायचं. ठोसा अडवताना आणि उलटा मारताना श्वास बाहेर, आवाज करून. आठवड्यातून दोनदा एक मिनिट जोरात, एक मिनिट चालत, असं सहा-सात वेळा करा. फार काही नाही, पण महिन्यात फरक कळतो. मात्र हे सुरू करण्याआधी रक्तदाब तपासून घ्या. आणि छातीत दडपण वाटलं, चक्कर आली तर ‘वयाने दम लागतो’ म्हणून रेटू नका, डॉक्टरकडे जा.

गुडघ्याबाबत मात्र मी तुमच्यावर थोडी रागावले आहे. अधूनमधून सुजणारा गुडघा हे निमित्त नव्हे, लक्षण आहे. तुम्ही त्याला पळवाट म्हणून राखून ठेवलात आणि त्यामुळे दाखवायला गेला नाहीत. गेलात आणि डॉक्टर म्हणाले ‘काही नाही, करा’, तर पळवाट बंद! टेस्टचा फॉर्म भरायच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि नुसतं "गुडघा दुखतो" असं सांगू नका. अनवाणी, फरशीवर, वाकलेल्या गुडघ्यावर वजन टाकून गर्रकन वळावं लागतं, हे तिथे करून दाखवा. शहाबादी फरशीवर घामाने तळवा चिकटतो, पाऊल जागेवर राहतं आणि वरचं शरीर वळतं. तो पीळ मग गुडघ्यात जातो. वळताना आधी कंबर आणि त्याबरोबर पाऊल फिरलंच पाहिजे. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा पाय वाकवून उभं राहताना, पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहताना, गुडघे आत पडता कामा नयेत. सरांना हे मुद्दाम बाजूने आणि समोरून बघायला सांगा. हेही एक ‘बघणं’च आहे, आणि ते त्यांनी जरूर करावं. परीक्षेच्या सकाळी दुखणं मारायची गोळी घेऊन उभं राहायचं नाही. गोळीने दुखणं गप्प बसतं, इजा गप्प बसत नाही.

डॉक्टर म्हणाले तीन महिने थांबा, तर थांबा. ते बाजूला होणं नाही. सरांना कागद दाखवायचा आणि पुढच्या तारखेला नाव द्यायचं. या थांबण्याला तुम्ही मनातल्या मनात ‘पळाले’ म्हणाल हे मला दिसतंय. तसं म्हणू नका.

आता यजमानांचं. "या वयात कुणाला मारायचंय?" हा प्रश्न नवऱ्यांच्या राखीव साठ्यातला आहे, बायको गाणं शिकायला लागली की तो "या वयात कुठे मैफल करायचीय?" असा निघतो. त्याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यायचंच तर खरं उत्तर फुनाकोशींनी देऊन ठेवलंय: कराटेत पहिला वार नसतो. तुमचे सुरुवातीचे पाचही हेयान काते अडवण्याने सुरू होतात, मारण्याने एकही नाही. पण मला वाटतं त्यांना सिद्धांत सांगण्यापेक्षा एका संध्याकाळी क्लासला घेऊन जा आणि त्याच बाकावर बसवा. बायको किंचाळते तेव्हा कशी दिसते हे त्यांनी पाहिलेलं नसेल. घाबरतील बहुधा, थोडे. आणि "पुढच्या वेळी होईल हो" म्हणणाऱ्या त्या आयांना तुम्ही कीव करणाऱ्या ठरवून टाकलंय. त्यांच्यातल्या एखादीला मागच्या रांगेत उभं राहायचं असेल आणि धीर होत नसेल, ही शक्यता तुमच्या पत्रात नाही. आठ वर्षांपूर्वी त्या बाकावर बसलेली बाई तुम्हीच होतात, तुम्हाला नाही तर कुणाला सुचणार?

टेस्ट न देताही कराटे करता येतं, हेही नोंदवून ठेवते. आयुष्यभर ब्राऊन बेल्ट बांधून आठवड्याला तीनदा येणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली खमकी. तुम्ही मला लिहिलं असतंत की परीक्षा या प्रकाराचाच कंटाळा आलाय, तर मी म्हटलं असतं, देऊ नका. पण सहा पानांत कराटेच्या कंटाळ्याची एक ओळ नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ‘लोक काय म्हणतील’ आहे. त्यासाठी परीक्षा देणं जितकं फोल, तितकंच त्यासाठी ती टाळणंही. म्हणून माझं मत विचाराल तर: सरांशी बोला, डॉक्टरांना दाखवा, दोन्हीकडून मार्ग मोकळा असेल तर नाव द्या. पुन्हा नापास झालात तर पुन्हा त्याच वर्गात बसाल. तो वर्ग तुम्हाला आवडतो, हे तुमच्या पत्रात मागच्या रांगेबद्दलच्या दीड पानावरून कळतं.

त्या दिवसाचं थोडंसं. नवा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, घालून जाऊ नका, धुऊन मऊ झालेला घाला. नाडीला दोन गाठी. तासभर आधी केळं किंवा थोडी पेज, पोहे-मिसळ परतल्यावर. काता पुन्हा सुरू करायला मिळतो का आणि किती वेळा, हा नियम आधीच विचारून ठेवा, म्हणजे अडलात तर भीतीचा एक थर कमी. आणि अडलातच, तर मान हलवायची नाही, "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही. ज्या स्टान्समध्ये आहात त्यातच राहा, नजर समोर, एक पूर्ण श्वास. बाहेरून तो श्वास झानशिनसारखा दिसतो. आतून तुम्ही म्हणत असाल, "मागे. सुरी, सुरी. पाय जवळ..."

मला मात्र एक कळवा. मागच्या टेस्टला परीक्षकांचं टेबल कुठल्या भिंतीला होतं? गांधीजींच्या, की दाराच्या?